सोडियमचा अकरावा बांगडा

तारकर्लीत आमच्याकडे अकरा पाव्हणे उतरलेले, म्हणून मी अकरा बांगडे तळले. दहावीतल्या भाचीच्या डोक्यात आयन शिरेना. मी म्हटलं, "पाव्हणे म्हणजे प्रोटॉन, बांगडे म्हणजे इलेक्ट्रॉन. दोन्ही अकरा, झालो सोडियम. क्लोरिनान एक इलेक्ट्रॉन घेतलो की उरता तो आयन." आणि सोलकढी ओतायला वळले.

परत बघते तर परातीत दहाच बांगडे.

"गो, एक खंय गेलो?"

"आत्ये, क्लोरिनाक दिलंय."

तिने बोट दाखवलं. पडवीत मांजर काटे चाटत होतं.

"आणि आता तो बिनबांगड्याचो प्रोटॉन?"

"तो पंगतीत बसलो आसा. त्याका काय ता तूच सांग."