स्टेशन डायरीत माझ्या नावाची नोंद

जबाब, दि. २०/०१/२०२५

नाव गोकुळ किसनराव म्हस्के, वय ५४ वर्षे, व्यवसाय नोकरी, पोलीस हवालदार, नेमणूक खडकदरा पोलीस ठाणे, रा. पोलीस वसाहत, खडकदरा, जि. बुलढाणा.

चौकशी अधिकारी यांचे समक्ष हजर होऊन सांगतो की, माझी नोकरी अठ्ठावीस वर्षे झाली आहे. महिला पोलीस शिपाई पुष्पांजली इंगळे, वय २६, यांनी मला धक्काबुक्की व शिवीगाळ केली, असा अहवाल मी दि. १२/११/२०२४ रोजी दिला होता. त्याच अहवालावरून त्यांची चौकशी चालू आहे.

सप्टेंबरमध्ये आमच्या ठाण्याच्या सर्वांचे जिल्ह्याच्या ठिकाणी तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले. विषय नागरिकांचे हक्क व पोलिसांचे वर्तन. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला आरोपी करून जमिनीवर बसवले आणि दुसऱ्याने समोर उभे राहून विचारपूस केली. माझी पाळी आली तेव्हा मी हसत होतो. पुष्पांजली हसल्या नाहीत. परत आल्यावर ठाणेदार साहेबांनी आदेश काढला की, ठाण्यात कोणी कोणाला मारताना दिसल्यास पाहणाऱ्याने, मारणारा वरिष्ठ असला तरी, स्टेशन डायरीत नोंद करावी. त्या आदेशावर मी न वाचता सही केली.

दि. ११/११/२०२४ रोजी सकाळी अकराच्या सुमारास शेतमालक भगवानराव हे त्यांच्या शेतातून स्प्रिंकलरचे बावीस पाईप चोरीस गेल्याचे सांगण्यास आले. त्यांनी त्यांच्याकडे कामास असलेल्या प्रेमानंद सरकटे याच्यावर संशय घेतला. मी त्यास बोलावून खाली बसवले. तो म्हणाला, "साहेब, म्या नाही नेले. मलेच काऊन धरून राह्यले?" मी त्याच्या कानशिलावर मारले. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा पुष्पांजली टेबलामागून उठून आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"दादा, थांबा."

मी म्हणालो, "बाजूले हो. तुह्या जन्माआधीपासून मी हे काम करून राह्यलो."

त्या म्हणाल्या, "म्हणून तर दादा म्हणते. पण बाजूले होत नाही. अन् डायरीत लिहिणार हाये."

त्यांनी मला हात लावला नाही. शिवी दिली नाही. प्रेमानंद यास उठवून खुर्ची दिली, पाणी दिले व तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवले. नंतर डायरी लिहिली. डायरी माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "काही खोटं असलं त सांगा, दादा." मी वाचली. खोटे काही नव्हते.

चौथ्या दिवशी ते पाईप भगवानरावांच्या पुतण्याने दुसऱ्या शेतात नेल्याचे निष्पन्न झाले. तोपर्यंत माझा अहवाल वर गेला होता. पुढे दीड महिना ठाण्यात त्यांच्याशी कामापुरतेच कोणी बोलत असे. त्या डबा एकट्या खात. इतरांना तसे वागण्यास मीच सांगितले होते. त्यांनी एकही दिवस दांडी मारली नाही, व मला दादा म्हणणेही सोडले नाही.

दि. ०३/०१/२०२५ रोजी बाजारच्या दिवशी दुपारी प्रेमानंद स्वतः ठाण्यात आला. मला पाहून दारातच थबकला. म्हणाला, "त्या ताई हायेत का? माय बाजारातून हरपली."

मी म्हणालो, "हाव, येतीलच. बस." तो बसला नाही. पुष्पांजली आल्यावर मात्र त्यांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसला व त्यांना सगळे सांगू लागला. त्याची आई तासाभरात एसटी स्टँडवर मिळाली.

मी आजवर ज्यांना मारले, त्यांपैकी कोणी अडचणीत आपल्या पायाने ठाण्यात आलेला मी पाहिला नव्हता. तो आला, तो पुष्पांजली यांच्यामुळे आला.

माझा दि. १२/११/२०२४ चा अहवाल खोटा आहे. तो मी रागाने व लाज लपविण्यासाठी दिला. माझ्यावर कारवाई होईल याची मला जाणीव आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. प्रशिक्षण आम्ही सर्वांनी घेतले, पण ते पाळले एकट्या पुष्पांजली इंगळे यांनी, हेही नोंदवावे अशी विनंती आहे.

जबाब मला वाचून दाखविला. त्यात प्रेमानंद यास माझा "हात लागला" असे टंकलिखित झाले होते. माझ्या सांगण्यावरून ते खोडून "मारले" असे केले. आता बरोबर आहे.

सही/-
गो. कि. म्हस्के