बंद लूम

आमच्या कापड विणायच्या लूमच्या खडखडाटात शेजारी राहतात तरी कसे, असं विचारतोस ना? मग वामनकाकांचं ऐक. त्यांच्या घराची आणि माझ्या कारखान्याची भिंत एकच. वर्षानुवर्षं त्यांचं माझ्याशी एकच भांडण, "मशिनी बंद कर रे, डोकं फुटतंय!"

मागल्या वर्षी त्यांचा तरणा मुलगा मानकोली नाक्यावर ट्रकखाली गेला. मी लगेच सगळे लूम थांबवले. कारागिरांना सांगितलं, "तेरावा होने तक सब बंद."

दोन-तीन दिवसांनी काका कारखान्याच्या दारात.

"लूम का बंद हाय?"

"काका, तुमच्या घरात एवढं दुःख..."

"चालू कर."

मला वाटलं, माझ्या नुकसानीची काळजी करतायत. म्हटलं, "धंद्याचं नंतर बघू, काका."

"खड्ड्यात गेला तुझा धंदा! घर पाव्हण्यांनी भरलंय. म्हातारी माझ्या तोंडाकडं बघून तग धरून हाय. मशिनी चालू असल्या की कोणाला काय ऐकू येत न्हाय. मला रडायचं हाय रे."

मी सगळे लूम चालू केले. काका आत शिरून दोन लूमच्या मधे उभे राहिले. त्यांचं तोंड उघडलेलं मला दिसलं. ऐकू काहीच आलं नाही.