जिंकताना जागा बदलायची नाही

वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर चेक-इनच्या रांगेत माझ्यापुढे एक सासू-सून उभ्या होत्या. सासूबाईंनी साडीवर बास्केटबॉल टीमचं जॅकेट चढवलं होतं.

“आई, आज सेमीफायनलच्या सिरीजची शेवटची मॅच, आणि तुम्ही विमानात!”

“मी विमानात असले म्हणून काय झालं? आपणच जिंकतोय.”

“इतकी खात्री?”

“डिसेंबरात मी आले तेव्हा ही पोरं ओळीनं हरत होती. तेव्हाच म्हटलं होतं, प्लेऑफला जाणार. तू हसलीस.”

“हसले नाही हो. तेव्हा आपण दोघी बोलतच नव्हतो.”

“मग एकदा रिमोट शोधायला म्हणून सोफ्यावर माझ्याशेजारी टेकलीस, आणि हातातून गेलेली मॅच फिरली.”

“आणि तेव्हापासून मॅच असली की मला उठू दिलं नाहीत! पोळ्यासुद्धा तुमच्या शंतनूला लाटायला लावल्यात.”

“जिंकत असताना जागा बदलतात का कधी? वर्ल्ड कपला मी तुझ्या सासऱ्यांना आंघोळीलासुद्धा उठू दिलं नव्हतं.”

“मग आज मी काय करू?”

“तुझ्या कोपऱ्यातच बस. आणि चौथ्या क्वार्टरला कुणाचा फोन घेऊ नकोस.”

“बरं. तुम्ही मुंबईला उतरलात की कोण जिंकलं ते कळवते.”

“स्कोअर तेवढा कळव. कोण जिंकलं ते मला माहीत आहे.”

“अहो आई, तुमची शाल! सोफ्यावरच राहिली!”

“राहिली नाही गं. जागा धरून ठेवलीये.”