चौकातला फ्लेक्स कोणी काढला?

आजच्या सेवापूर्ती सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे आदरणीय नत्थूजी; व्यासपीठावर विराजमान मुख्याध्यापक सर; सत्कारमूर्ती मंजुषा काळमेघ मॅडम; समोर बसलेले शिक्षकवृंद, नाचणगाव-पुलगावचे पालक बंधू-भगिनी, विद्यार्थी मित्रहो, आणि दुसऱ्या रांगेतले प्रभाकरराव!

हो प्रभाकरराव, तुमचं नाव मुद्दाम वेगळं घेतलं. हसू नका. बरं, हसा. आज तुमचा हक्क आहे.

पालक-शिक्षक संघाचा उपाध्यक्ष म्हणून आभार मानायचं काम माझ्याकडे आहे. घरून छान पाठ करून आलो होतो. ‘ज्ञानाची माउली’, ‘संस्कारांचं विद्यापीठ’, असे भारी भारी शब्द होते. आता एक आठवत असेल तर शपथ! या माइकवर आत्ता जे झालं ते तुम्ही ऐकलं. मागे मंडपात भाजी ढवळणाऱ्यांनी ऐकलं नसेल, त्यांच्यासाठी सांगतो. 

माझी वर्षाली मागच्या वर्षी दहावीला शाळेत पहिली आली. आपल्याकडे पहिल्या आलेल्या पोराचा फ्लेक्स लागतो, तसा मीही चौकात लावला. वर तिचा हसरा फोटो, खाली मोठ्या अक्षरात ‘भावी डॉक्टर कु. वर्षाली’, आणि कोपऱ्यात हात जोडलेला मी, शुभेच्छुक धनंजय, कृषी केंद्रवाला. पोळा झाला आणि एका सकाळी तो फ्लेक्स गायब! मी ठाण्यात तक्रार दिली. संशय कोणावर? प्रभाकररावांवर. काऊन, तर त्यांचा मुलगा आदेश शाळेत दुसरा आला होता! तेव्हापासून बोलचाल बंद. त्यांच्या नव्या घराच्या वास्तुपूजनालाही गेलो नाही.

आणि आज मॅडम सत्काराला उत्तर देता देता, शाल सावरत, इतक्या सहज म्हणतात, “धनंजयभाऊ, जाता जाता सांगून जाते. तुमचा फ्लेक्स मी काढला.”

अध्यक्ष महाराज, तुमच्या शेजारून मी ताडकन उठलो ते तुम्ही पाहिलंच. तुमचा पाण्याचा ग्लास सांडला, माफ करा. “मॅडम, काऊन?” एवढंच तोंडून निघालं.  मॅडमनी अकरावीच्या मुलींकडे पाहिलं. तिथून माझी पोरगी उभी राहिली.

“बाबा, शिडी मी धरली होती.”

 मग ती इथं आली, याच जागी. तिचं बोलणं मी तिच्याच शब्दांत सांगतो, माझ्याकडे दुसरे शब्द नाहीत. “बाबा, त्या चौकातली वर्षाली नेहमी हसून राह्यली असते. तिले कोणता पेपर अवघड जात नाई. तिले रडू येत नाई. मले अकरावीत फिजिक्स समजेना, त्या दिवशी तिच्याखालून जाताना वाटलं, ही हाये ना सगळ्यायले? मंग मी नसली तरी चालते.”

मी नसली तरी चालते.

अरे बापरे! माझ्या घरातली, रोज माझ्यासमोर ताट घेऊन बसणारी पोरगी! दुकानात कोणी कपाशीचं पान आणलं की मी लांबूनच सांगतो कोणता रोग पडला ते. आणि ही चौक टाळून, रेल्वे फाटकाकडून वळसा घेऊन शाळेत येत होती, ते मले माहीत नाई! सायकलचे टायर इतके लवकर काऊन झिजून राह्यले म्हणून मी बिचाऱ्या सायकलवाल्याशी भांडून आलो.

अंजू, तू मान खाली घालू नको. दर शनिवारी ही माझी बायको आणि वर्षाली, दोघी मायलेकी सिंदी मेघेला मावशीकडे जातात. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, लोणचं आणायला. मी म्हणायचो, एवढं लोणचं खातं कोण? आज कळलं की मॅडमनी वर्ध्याच्या एका समुपदेशक डॉक्टरांकडे नाव लावून दिलं होतं, मावशी फक्त सोबत जायची. सगळ्यांना माहीत, बापाला नाही! का बरं नाही सांगितलं मला? असं विचारणार होतो. मग आठवलं, मॅडम तर घरी आल्या होत्या. “वर्षालीबद्दल थोडं बोलायचं होतं,” म्हणाल्या. मी चहा मांडायला सांगितला आणि चहा संपेपर्यंत मीच बोललो. नागपूरचा क्लास, होस्टेल, कटऑफ. मॅडम कप ठेवून गेल्या. मी अंजूला म्हटलं, किती शांत बाई आहे!

मॅडम दहावीच्या एकेका पोराला लिंबाखाली बसवून पुढचं विचारायच्या. आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग, कला शाखा, सगळं समजावायच्या. पण पहिला प्रश्न एकच, “रात्री झोप लागते का रे?” आम्ही पालक सभेत हसायचो. डॉक्टर व्हायचं तर पोरानं झोपून कसं चालेल, म्हणायचो.

मॅडम, खोटं बोलणार नाही, मला तुमचा राग आला आहे. निवृत्तीला आलेली बाई पहाटे शिडीवर चढते? पडल्या असत्या म्हणजे? आणि राग असूनही तुमच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटते, आता या दोन्हींचं मी काय करू? माझी पोरगी आज इथं उभी राहून बोलली. बोलायला ती आहे. आहे ती, मॅडम.

दोन मिनिटं द्या... पाणी. हां.

आता आभार. अध्यक्ष महोदयांचे, त्यांच्या ओल्या धोतरासकट. मुख्याध्यापक सरांचे, मंडपवाल्यांचे, स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचे. प्रभाकररावांचे आभार नाहीत, त्यांची माफी. प्रभाकरराव, तक्रार उद्याच मागे घेतो आणि नवीन घर पाहायला येतो, दार उघडजो. मॅडमचे आभार मला मानता येत नाहीत, हे लिहून घ्या आणि सोडून द्या.

बोलण्याच्या ओघात वऱ्हाडी घुसली, मानाचे शब्द राहून गेले, एखाद्याचं नाव सुटलं, तर आज या बापाला पदरात घ्या.

आणि शेवटची एक विनंती. पहिला फ्लेक्स गेल्यावर मी गप्प बसलो नव्हतो. दुसरा लावला. लोखंडी फ्रेममध्ये, कोणाचा हात पोचणार नाही एवढा उंच, वरून लाइट. आता काढून दाखवा म्हटलं होतं! तो अजून तिथंच आहे, आणि माझी पोरगी आज सकाळीही फाटकाकडूनच आली. तेव्हा मुख्याध्यापक सर, शाळेची मोठी शिडी मला हवी आहे. जेवणं होऊ द्या तुमची, आम्ही मागून बसतो.

वर्षाली, चाल बेटा. तू शिडी धरजो. मी चढतो.