घरच्या कम्प्युटरला कशाला फायरवॉल

...आणि वर मलाच विचारतात, तू असं लिहिलंसच कशाला. म्हणजे दार उघडं ठेवलं कोणी, आत शिरलं कोणी, कपाट उचकलं कोणी, आणि जाब कोणाला विचारायचा, तर कपाटाला. तुम्हाला सांगते, मी एरवी बोलत नाही. वर्गात हजेरीला माझा नंबर आला की 'हजर' शेजारची म्हणते, बाईंनाही आता त्याची सवय झालीय. पण आज बोलते, कारण लिहायची सोय राहिलेली नाही... ती कशी गेली, तेच सांगते.

आमचं घर शिरपूरला, जैन मंदिरापासून चार मिनिटांवर. मंदिरापासून चार मिनिटांवर घर असणं म्हणजे काय असतं, ते दूर राहणाऱ्यांना कळायचं नाही. दर्शनाला येणारा प्रत्येक नातेवाईक, नातेवाइकाचा नातेवाईक, आणि एकदा तर मालेगावहून येताना बसमध्ये पप्पांच्या शेजारी बसलेला माणूस, सगळे आमच्याकडेच उतरतात. पप्पा म्हणतात, "देवाच्या गावात राह्यतो आपण, दाराले कडी कायले लावता?" पाहुणा उंबऱ्यात आला की आई पाण्याचा तांब्या पुढे करते आणि पप्पा वायफायचा पासवर्ड. नाव नंतर विचारतात.

तर अशा घरात मला एकच जागा होती. बैठकीतला कम्प्युटर, शाळेतून आल्यावर एक तास. त्यात मी आठ महिने एक फाईल लिहीत होते. डायरी नाही म्हणणार, नोंदी म्हणा. कोण आलं, काय बोललं, बोलताना कुठे पाहत होतं. जे तोंडातून कधीच निघत नाही ते सगळं तिथे. त्रेचाळीस पानं झाली होती. आणि फाईलचं नाव काय ठेवलं होतं माहितीये? 'भूगोल प्रकल्प, मृदा व पिके.' या नावाची फाईल जगात कोणी आपणहून उघडणार नाही, याची मला खात्री होती. हसू नका. तुमचीही असती.

आता फायरवॉल. दिवाळीत पप्पांनी प्रिंटर आणला, पाहुण्यांना परतीची तिकिटं छापता यावीत म्हणून. पण पाहुण्यांच्या लॅपटॉपवर तो प्रिंटर दिसेचना. मग बोलावलं मुन्नाभाऊला. बसस्टँडजवळ त्याचं दुकान आहे, मोबाईलची कव्हरं, आधारकार्डाचं लॅमिनेशन आणि कम्प्युटरदुरुस्ती, तिन्ही एकाच खुर्चीवरून. तो आला, दोनदा खाटखाट केलं, म्हणाला, "हे पाहा, फायरवॉल आडवी येऊन राह्यली. टाकली बंद." पप्पा म्हणाले, "आणि थे भजनं, मंदिरातल्या पंचकल्याणकाचे फोटो, थे बी पाहुण्यायले घेता आले पायजे." "मंग पुरा डी ड्राइव्हच खुला करून देतो ना, देवेंद्रभाऊ. पासवर्ड नाही, काही नाही. ज्याले जे पायजे थे घेईन."

कम्प्युटरच्या कोपऱ्यात लाल फुली आली. मला माहीत होतं ती कशाची. फायरवॉल म्हणजे कम्प्युटरच्या दारावरचा राखणदार, कोणी दार वाजवलं की आधी विचारतो, तुम्ही कोण, काम काय. त्याला घरी पाठवलं होतं. आणि माझी फाईल डी ड्राइव्हमध्ये. मी धीर केला. तुम्हाला सांगते, घसा साफ करण्यातच अर्धं मिनिट गेलं. म्हटलं, "मुन्नाभाऊ, फायरवॉल राहू द्या ना."

तो हसला. "टीनाबाई, घरच्या कम्प्युटरले कायले पायजे फायरवॉल? बँक हाय का तुमच्या इथं? वायफायच्या डब्यातच अंदर भिंत असते. बाहेरचा माणूस येतच नाही."

"पण आतले?"

"आतले त घरचेच हायत ना बाप्पा."

बाहेरच्या चोराची मला कधी भीतीच नव्हती. रशियातला कुठला तरी चोर माझी फाईल उघडून काय करणार होता, त्याला मराठी येतं का? मराठी येणारे सगळे आमच्या बैठकीत बसले होते. दुसऱ्या दिवशी फाईल तिथून हलवायला गेले, तर कम्प्युटरपुढे एक काका क्रिकेट पाहत बसलेले. त्याच्या पुढच्या दिवशी दुसरे काका. मला 'उठा' म्हणता येत नाही, त्याला मी काय करू...

आणि मग आल्या आत्याबाई. सुंदरबाई आत्या, पप्पांची मोठी बहीण, अकोल्याच्या. सोबत रविकांत मामाजी, त्यांचे यजमान, लॅपटॉप घेऊन. आल्याआल्या मामाजींना घरून फोन, त्यांच्या मुलीचा, वैभवीचा. आठवीत आहे. सोमवारी भूगोलाचा प्रकल्प द्यायचा आणि हिने एक ओळ लिहिलेली नाही. मामाजींनी लॅपटॉप उघडला, पाहतात तर काय, आमचा डी ड्राइव्ह समोर हजर, आणि त्यात 'भूगोल प्रकल्प'. "वा, टीनाचा तयारच हाय की." वाचला का? नाही. प्रकल्प कोण वाचतं? प्रकल्प छापायचा असतो. दाबलं बटण.

रविवारची दुपार, जेवणं झालेली, सगळे बैठकीत. प्रिंटरशेजारी आत्याबाई. एकेक पान निघतंय, त्या गोळा करतायत, कौतुकाने म्हणतायत, "माह्या भाचीचं अक्षर त पाहा, कसं मोत्यासारखं." छापलेलं अक्षर हो. मी उष्टी ताटं स्वयंपाकघरात नेत होते, मला वाटलं कोणाची तिकिटं छापतायत. इतकी कोणाची तिकिटं?

आणि आत्याबाईंनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'सूर्यास्ताच्या नोंदी.' पाह्यलं? भूगोलच. 'मुक्काम पाच दिवसांचा. सोमवारी सूर्य पावणेआठला मावळला. मंगळवारी सव्वाआठला. बुधवारी बाहेरून भेळ आल्यामुळे तो बराच वेळ मावळलाच नाही. सूर्य सगळीकडे एकच असतो, पण...'" इथे त्या थांबल्या. थांबल्या, पण मामाजी मागून वाकून वाचत होते, त्यांना थांबायचं कळलं नाही. "'...पण आत्याबाईंचा सूर्य आमच्या स्वयंपाकघरातून निघाल्याशिवाय मावळत नाही.'"

सांगायला हवं, हे त्यांच्या मागच्या मुक्कामाचं, आणि आत्याबाईंचा नियम आहे, दिवस मावळल्यावर अन्न नाही. गावभर माहीत आहे. त्यांनीच सांगितलंय.

आत्याबाईंनी पानं मांडीवर ठेवली. मग त्या म्हणाल्या, हळू म्हणाल्या, "देवेंद्र, तुही पोरगी आमचे घास मोजून राह्यली." आणि रडल्या. खरं सांगते, मला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग पप्पांनी गठ्ठा घेतला. त्यांचं पान त्यांना सापडलं. 'पाहुण्यांसमोर पप्पा आईला अहो म्हणतात. पाहुण्यांची बस सुटली की ए.' ते त्यांनी मनातच वाचलं, मोठ्याने वाचलं पुढचं, आईचं. "'आईने आज चौथ्यांदा कणीक मळली. आम्हाला म्हणाली मला भूक नाही. कढईला लागलेली भाजी पोळीने पुसून खाल्ली, उभ्यानेच.' हे काय लिहायची गोष्ट हाय? लोक काय म्हणतीन?"

लोक काय म्हणतील. लोक तिथेच बसले होते, पप्पा. तेच जेवले होते.

मग माझी सुनावणी. एक म्हणे, पोरीच्या जातीला एवढं लपवायला असतंच काय? दुसरे म्हणे, कम्प्युटर दिला हेच चुकलं. मामाजी म्हणे, "थे सगळं ठीक हाय, पण मंग वैभवीच्या प्रकल्पाचं काय?" मला सगळी पानं फाडायला लावली, सगळ्यांसमोर. फाडताना मी मोजली. बेचाळीस. चौथ्या कणकेचं पान त्यात नव्हतं. आई ओट्यापाशी उभी होती, पदर घट्ट खोचून, माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी मुन्नाभाऊ आला. कम्प्युटरमधली फाईल त्याने कायमची उडवली, मला खुर्चीच्या मागे उभं ठेवून. मी दुसऱ्यांदा धीर केला. म्हटलं, "पप्पा, आता तरी फायरवॉल लावा." पप्पा म्हणाले, "काहून? घरच्या कम्प्युटरले कायले पायजे फायरवॉल? लपवण्यासारखं लिहिलंच नसतं त कोणाचं काय बिघडलं असतं?" मुन्नाभाऊनेही मान डोलावली. "आणि लावली त प्रिंटर बंद पडीन."

म्हणजे बघा, राखणदार अजून घरीच. डी ड्राइव्ह अजून सताड उघडा. भजनं न्या, फोटो न्या. बंदोबस्त झाला तो माझा. मुन्नाभाऊने कम्प्युटर सुरू करायलाच पासवर्ड घातला आणि पप्पा म्हणाले, टीनाला सोडून सगळ्यांना सांगा.

पण सगळे म्हणजे किती? रोज नवे पाहुणे, रोज पप्पांना त्यांच्या दुकानात फोन, "देवेंद्रभाऊ, कम्प्युटर उघडून नाही राह्यला." चौथ्या दिवशी पप्पा कंटाळले. जाड पेन घेतला आणि कम्प्युटरच्या वर भिंतीवर तो पासवर्ड लिहून टाकला, वीतभर अक्षरांत. पाहुण्यांची गैरसोय नको. फक्त टीनाने तो वाचायचा नाही, असं ठरलंय.

आणि मी नाही वाचत. बैठकीत केर काढायला गेले की मान खाली घालूनच काढते. पाहुणे भारी कौतुक करतात. म्हणतात, "पोरगी मोठी गरीब हाय हो तुमची, मान वर करून पाह्यत नाही."