मालवणी हाक आणि दोन सॅक्सोफोन

माझे पीएचडीचे गाइड सॅक्सोफोन वाजवतात, हे तुम्हाला सांगितलंच नाही का मी? इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये एका जुन्या, गाजलेल्या सॅक्सोफोन जोडीच्या आठवणीत जॅझची मैफल होती. त्यात एक सॅक्सोफोन सरांचा. आपण आलोय हे त्यांना दिसावं म्हणून मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले.

सुरुवात अगदी हळुवार होती. माझा डोळा लागणार, तोच दोन्ही सॅक्सोफोन एकदम किंचाळले आणि थांबले. त्या शांततेत माझ्या मालवणी तोंडून निघालं, "आई गो!"

सरांना ते इंग्रजीत ऐकू आलं. माइकवर म्हणाले, "यू गो? सो सून?"

सगळा हॉल हसला. मी पुटपुटले, "नो सर, आय स्टे."

मध्यंतरात मी त्यांना समजावलं, की आमच्याकडे दचकलं की आईला हाक मारतात.

"म्हणजे चांगलं वाजलं की वाईट?"

"दोन्हीला चालतं, सर."

सोमवारी मीटिंगमध्ये त्यांनी माझ्या सहा महिन्यांच्या कामाचा ग्राफ बराच वेळ पाहिला, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, "आई गो."

कुठल्या अर्थानं, ते विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.