दुपारचा पहारा

अंबूबाई : नको काय नको? चहा टाकलाय मी. उद्या काल्याच्या दिंडीत वीणा तुझ्या गळ्यात असणार, आणि आमच्या दारात कोरडा उभा ऱ्हातोस होय रं ओमकार?

ओमकार : त्यापायीच आलोय काकी. नानांशी बोलायचं होतं.

अंबूबाई : ते बघ पडवीत. सकाळपास्नं वाल निवडतायत. निवडून झाले, आता निवडलेले परत निवडतायत. एकतीस वर्षं सप्त्यात चारचा पहारा केला या माणसानं, आणि वाल्मिकबुवा माईकवर सांगतात की म्हाताऱ्यांनी आता बसून नाव घ्यावं, वीणा तरुणांनी धरावी. ह्यांचं नाव नाय घेतलं त्यांनी. घ्यायची गरजच नव्हती. काल गिरणीवर त्या इंदूनं मला इचारलं, वीणा नुसती टेकली का आपटली.

पदू : अगं, पोराला पाणी दे आधी. बस रं. कीर्तनं चांगली होतायत यंदा. मी हितनंच ऐकतो, कर्ण्यावर. फकस्त वारा फिरला का अर्धी कथा भिवपुरीकडं जाते. काल महाराजांनी कथेतली नाव ऐन नदीच्या मध्यावर आणली नि वारा फिरला. पोचली का नाय, कळलंच नाय मला.

ओमकार : पोचली, नाना.

पदू : पोचली ना? बरं झालं.

ओमकार : नाना, वीणा तुमी खाली ठेवली नव्हती.

पदू : बस म्हणलं ना.

ओमकार : रविवारी दोन ते चार माझा पहारा होता. तुमी आलात तेव्हा वीणा खांबाला टेकवलेली होती. ती मी टेकवली. तुमी उचलायला वाकलात आणि तेवढ्यात बुवा नि जितेशकाका आले. त्यांना वाटलं तुमच्या हातनं सुटली.

अंबूबाई : आणि तू कुठं होतास?

ओमकार : पाण्याच्या टाकीवर.

अंबूबाई : सात दिवस वीणा भुईला लागू द्यायची नाय, एकाच्या गळ्यातनं काढायची ती दुसऱ्याच्याच गळ्यात घालायची. शाळेतलं पोर सांगंल हे. बरं वाटत नव्हतं तर हाक मारायची कुणाला तरी.

ओमकार : बरा होतो मी. मोबाईलवर स्पर्धा चालू होती, पत्त्यांची. पोकर म्हणतात. मंडपात रेंज येत नाय, टाकीवर येते.

अंबूबाई : जुगार म्हण की मग.

ओमकार : हो. जुगार. घरी मी स्पर्धा म्हणून सांगतो.

पदू : कसा असतो तो?

अंबूबाई : अवं, कसा असतो ते काय इचारता?

पदू : ज्याच्यापायी वीणा टेकवली ते एवढं काय हाय, ते कळू दे मला.

ओमकार : तिकीट काढून हजारेक जण बसतात. सगळ्यांना सारखी नाणी देतात, खेळातली. ज्याची संपली तो बाहेर. शेवटचे शंभर उरतात त्यांनाच बक्षीस. दोन वर्षं अभ्यास केलाय मी, वही भरलीये. सुरुवातीला घाई करायची नाय. दहा वेळा पत्ते आले तर आठ वेळा टाकून द्यायचे. कोण घाबरतो, कोण खोटा जोर दाखवतो, ते बघत बसायचं.

पदू : बगळ्यावानी.

ओमकार : तसंच. आणि शंभराच्या जवळ आलं का सगळ्यात जपायचं. आपल्याकडं पुरेशी नाणी असली तर काहीच करायचं नाय. ज्यांची संपत आलेली असतात ते बाहेर पडतात, आपण नुसतं थांबायचं. त्या दुपारी एकशेचार उरले होते. माझी नाणी भरपूर होती.

पदू : म्हंजे चार जण पडले का तू बक्षिसात.

ओमकार : हो.

पदू : त्या वेळेला तुला करायचं काय होतं?

ओमकार : काय नाय. पत्ते आले का टाकायचे.

पदू : आणि तू तिथं नसतास तर?

ओमकार : मोबाईल आपणहून टाकतो.

पदू : मग टाकीवर गेलास कशाला?

ओमकार : बघायला.

पदू : काय बघायला?

ओमकार : किती उरले ते. दोन मिनिटं म्हणून गेलो. पंगती उठल्या होत्या, मंडपात सगळी झोपली होती. कुणाला उठवलं तर कशाला ते सांगावं लागलं असतं. वीणेखाली माझा टॉवेल घातला नि गेलो.

अंबूबाई : टॉवेल घातलान म्हणे.

ओमकार : तो टॉवेल मला नंतर माझ्या स्कूटरवर मिळाला, नाना.

पदू : मंडपात ऱ्हायला असता तर कुणाचा म्हणून इचारणं झालं असतं.

अंबूबाई : म्हंजी तुमाला रविवारपास्नं ठाव हाय?

पदू : तू थांब जरा. पुढं काय झालं रं? लागलं बक्षीस?

ओमकार : गुलामांची जोडी आली. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, अशा वेळी आपल्याहून जास्त नाणी असलेल्याशी भिडायचं नाय. मी भिडलो. सगळी नाणी लावली. त्याच्याकडं राण्यांची जोडी निघाली. एकशेतिसरा आलो.

पदू : आणि लागलं असतं, तर आज आला असतास हितं?

ओमकार : नाय. नसतो आलो.

पदू : हं. हे खरं बोललास.

ओमकार : तुमी त्याच वेळी का नाय सांगितलंत?

पदू : तोंड उघडलं तर बुवा म्हणले, ऱ्हाऊ द्या नाना, वय झालं. मग म्हणलं, तू सांगशील. संध्याकाळी तू पयल्या रांगेत टाळ वाजवत होतास. म्हणलं आरतीनंतर सांगंल. मग म्हणलं सोमवारी.

ओमकार : सोमवारी कामावर गेलो. कुंभिवलीला.

पदू : ठाव हाय. स्कूटर हितनंच जाते तुझी. आधी हॉर्न वाजवायचास.

ओमकार : मी आत्ता फोन करतो बुवांना. सगळं सांगतो. उद्याची वीणा पण नको म्हणतो.

पदू : फोनवर?

ओमकार : मला माईकवर बोलायला जमत नाय, नाना. सगळं गाव बसलेलं असतं. आई पण असते.

पदू : मला तरी कुठं जमतं. गळा नाय, वाचा नाय, म्हणून तर वीणा धरून उभा ऱ्हायलो एवढी वर्षं. तेवढंच येत होतं.

ओमकार : आज कीर्तनकार उभे ऱ्हायच्या आधी सांगतो. तुमी चला माझ्यासंगती.

पदू : मी आलो तर तू माझ्याकडं बघून बोलशील. लोकांकडं बघून बोल. आणि जुगारच म्हण. टॉवेलचं नको सांगू, हसतील.

ओमकार : येतो मी. काकी, येतो.

पदू : बोल की गं त्याला काहीतरी.

अंबूबाई : जा रं बाबा.

(ओमकार जातो.)

अंबूबाई : गावाला नाय तर नाय. मला तरी सांगायचंत.

पदू : तू इचारलंस कुठं?

अंबूबाई : इचारलं नाय मी?

पदू : रविवारी घरी आलो तर तू तेल घेऊन बसली होतीस. म्हणलीस, दाखवा, कुठला हात थरथरतो.

अंबूबाई : आणि चार दिवस मी चोळत बसले. थरथरत नव्हता, तर पुढं केलात कशाला?

पदू : तेल तापवलं होतंस ना.